उद्या हे पोर दिसलं नाही तर? खान्देशात मुलांसोबत नव्यानं काम करणाऱ्यांसाठी

अक्कलकुवा-धडगावकडं पहिली नेमणूक मिळालेले गुरुजी, चाळीसगाव-पारोळ्याकडच्या गावात नुकत्याच रुजू झालेल्या अंगणवाडी ताई, ‘तुमचं नाव टाकलंय, सही करून जा’ म्हटल्यावर ग्राम बाल संरक्षण समितीचा सदस्य झालेला तरुण, हे तुमच्यासाठी आहे. कायदे, योजना, अर्जाचे नमुने तुम्हाला प्रशिक्षणात मिळतील, निदान कागदावर तरी. गावात उतरल्यावर सुरुवात कुठून करायची, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

आधी एक गोंधळ बाजूला सारू. नवा माणूस आला की दारिद्र्यरेषेची यादी मागतो आणि त्यातली पोरं म्हणजेच असुरक्षित पोरं, असं धरून चालतो. गरिबी हे मोठं कारण आहेच, त्यात वाद नाही. पण सातपुड्यातल्या एखाद्या पाड्यावर घरात दाणे कमी असलेलं पोर दिवसभर आजी, काका, मामा, शेजारपाजार यांच्या नजरेखाली असतं. उलट रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात, स्लॅबच्या घरात राहणारं पण आई वारल्यावर या नातेवाइकाकडून त्या नातेवाइकाकडं ढकललं जाणारं पोर आठ दिवस शाळेत आलं नाही तरी कोणी विचारत नाही. माझ्या मते दुसरं पोर जास्त धोक्यात आहे. म्हणून प्रत्येक पोराबद्दल एकच प्रश्न मनात धरायचा: उद्या हे पोर दिसलं नाही, तर किती मोठ्या माणसांच्या लक्षात येईल, आणि त्यातलं कोण शोधायला निघेल? चार-पाच नावं सहज आली तर ठीक. एकच आलं तर पोराचं नाव वहीत. एकही आलं नाही तर त्याच आठवड्यात त्याच्या घरी जायचं.

पहिलं काम: गावाचं वर्ष समजून घ्या

शाळेचं वर्ष जूनला सुरू होतं. गावाचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. खान्देशात सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं, साल आखाजीला संपतं आणि नवं ठरतं. मालक बदलला की सालदाराचं बिऱ्हाड दुसऱ्या गावच्या मळ्यात जातं, शेतातल्याच खोलीत राहतं, गावठाणापासून दोन-तीन किलोमीटर लांब. जुन्या शाळेत त्या पोराच्या नावापुढं ‘सतत गैरहजर’ लागतं, नव्या गावात ते पोर आलंय हेच कोणाला माहीत नसतं. उन्हाळ्याची सुट्टी मध्ये असल्यानं दोन्हीकडचे गुरुजी निर्धास्त. तेव्हा जूनच्या पहिल्या आठवड्यात गावात फिरताना मळ्यांवरही एक चक्कर मारा आणि यंदा कोणाकडं नवा सालदार लागलाय ते विचारा. चहाच्या टपरीवर दहा मिनिटांत पूर्ण यादी मिळते.

दसऱ्याच्या सुमारास कापूस वेचणीला येतो. वेचणीची मजुरी किलोवर असते, त्यामुळं लहान हातांचीही भर पडते आणि वर्ग रिकामे होऊ लागतात. सकाळच्या हजेरीला वीस, दुपारी बारा, असं दिसलं तर समजून जा. १४ वर्षांखालच्या मुलाला मजुरीवर लावणं १९८६ च्या कायद्यानं आणि त्याच्या २०१६ च्या दुरुस्तीनं बंद आहे. शाळा सांभाळून घरच्या शेतात हातभार लावायला तेवढी मुभा आहे. पण वेचणीच्या दिवसांत कायदा घेऊन बांधावर जाल तर गाव तुम्हाला वर्षभर दारात उभं करणार नाही. दुपारच्या सत्रात खेळ ठेवा, पालकांना ‘निदान जेवणाच्या सुट्टीपासून तरी पाठवा’ म्हणा आणि दुसऱ्याच्या शेतात पूर्ण दिवस राबणारं पोर कोणतं, ते वेगळं लिहून ठेवा. ते पोर पुढच्या पायऱ्यांत येणार आहे.

दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या हलतात. नवापूर, तळोदा, शहादा, साक्री भागातली कुटुंबं बारडोलीकडच्या साखर कारखान्यांच्या पडावांवर जातात, काही वीटभट्ट्यांवर. चाळीसगावकडच्या तांड्यांवरून पश्चिम महाराष्ट्रात कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, जातात. मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ पैसे, त्याआधीच, पावसाळ्यात घेऊन झालेली असते. ज्या घरात यंदा उचल आली ते घर दिवाळीनंतर जाणार, हे श्रावणातच कळतं. पहाटे निघणारा टेम्पो एकदा मुद्दाम पाहा. भांडी, गोधड्या, कोंबड्यांचा डालगा, सायकल, आणि त्या सगळ्यावर बसलेली आठ-नऊ वर्षांची पोरगी, कडेवर धाकटा भाऊ. तिला शिकायला नव्हे, त्याला सांभाळायला नेलं जातं. तुमच्या यादीत पहिली ती.

होळीला सातपुड्यातली माणसं परततात. होळीआधीचा भोंगऱ्याचा बाजार आणि काठी गावची राजवाडी होळी चुकवणारा माणूस विरळा. काही जण होळी करून पुन्हा जातात, म्हणून पालक गाठायचे तर हेच आठ दिवस. तसंच श्रावणात कानबाईच्या सणाला सुरत-अंकलेश्वरकडं कामाला असलेली मंडळी घरी येतात. ज्या पोराचा बाप एरवी फोनवरच भेटतो तो तेव्हा ओट्यावर सापडतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं एवढे चार-पाच काळ आखून ठेवा. तुमच्या कामाचं वेळापत्रक तेच.

घरी कसं जायचं

रजिस्टर काखेत मारून, चौघांचा घोळका करून जाऊ नका. माणसं दिवसा घरी नसतात, म्हणून दिवेलागणीनंतर जा. पहिला रामराम म्हाताऱ्या माणसाला. अहिराणी येत नसेल तर दोन-चार वाक्यं तरी उचला. ‘कोना पोऱ्या शे रे तू?’ (कोणाचा मुलगा आहेस रे तू?) हा प्रश्न खान्देशातली प्रत्येक म्हातारी वाटेवरच्या प्रत्येक पोराला विचारते. तुम्हीही विचारा आणि उत्तर नीट ऐका. बहुतेक पोरं बापाचं नाव ठणठणीत सांगतात. काही आजोबांचं सांगतात, काही मामाचं. एखादं थांबतं, इकडंतिकडं बघतं आणि शेजारचं पोर त्याच्या वतीनं बोलतं. ते थांबणं वहीत लिहा.

पाड्यांवर अहिराणीही पुरत नाही, तिथं पावरी किंवा भिली लागते. दुभाषी म्हणून आशाताई किंवा मदतनीस बाईंना घ्या. ज्या पोराबद्दल बोलायचं आहे त्यालाच दुभाषी करू नका. हे सांगायची गरज पडू नये, पण नवे लोक हटकून करतात, कारण घरात मराठी येणारं तेवढंच एक माणूस असतं.

आता विचारायचं काय? ‘बाप दारू पितो का’, ‘पोराला मारता का’ असले प्रश्न पहिल्या भेटीत विचारलेत की दार बंद. त्याऐवजी रोजच्या जगण्यातलं विचारा. रात्री पोरं कोणाजवळ झोपतात? ताप आला तर दवाखान्यात कोण नेतं? मागच्या आखाजीला मामाकडं गेली होती का? शेताला गेल्यावर धाकट्याकडं कोण बघतं? भाकरी कोण टाकतं? या प्रश्नांना कोणी बिचकत नाही आणि उत्तरांतून सगळं दिसतं. मामाकडं जाणं बंद झालेलं असेल तर आईच्या माहेराशी वाकडं आलंय, म्हणजे पोराचा एक मोठा आधार तुटलाय. अकरा वर्षांची पोरगी दोन्ही वेळच्या भाकरी टाकत असेल तर आई आजारी आहे, किंवा घरात नाही आणि हे सांगायची लाज वाटतेय.

वहीत फार काही लिहायचं नाही. पोराचं नाव, वय, राहणं कोणाकडं. त्याखाली, हे पोर दिसलं नाही तर विचारणाऱ्या माणसांची नावं. आणि शेवटचं भेटल्याची तारीख. जात, उत्पन्न, घराचा प्रकार हे सगळं सरकारी नमुन्यांत आहेच, ते पुन्हा उतरवून वही जड करू नका. ही वही कोणाच्या हाती पडू देऊ नका, तिचा फोटो काढून ग्रुपवर तर नाहीच नाही.

वर्गात काय दिसतं

दंगा करणारं पोर सगळ्यांच्या लक्षात येतं. गप्प, आज्ञाधारक, कोणाच्याही अध्यातमध्यात नसलेलं पोर सुटतं, आणि बहुतेक वेळा तेच आपल्याला हवं असतं. शाळा उघडायच्या आधी तासभर फाटकाशी येऊन बसणारं आणि सुटल्यावर घरी जायला नको म्हणणारं पोर. पोषण आहारातली खिचडी अर्धीच खाऊन उरलेली डब्यात भरणारं, म्हणजे घरी कोणीतरी उपाशी आहे. आश्रमशाळेतून दिवाळीला आलेलं आणि परत जायचं म्हटलं की ताप येणारं. अचानक नवा मोबाईल किंवा नवे बूट आलेलं, आणि ‘कोणी दिले’ म्हटलं की दर वेळी निराळं नाव सांगणारं. यातली एक खूण दिसली म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका. वहीतल्या ‘विचारणारी माणसं’ या रकान्याशी जुळवून बघा. रकाना भरलेला असेल तर त्यातल्या एका माणसाशी बोला. रिकामा असेल तर घर गाठा.

भोळी पोरं

यावर जरा थांबतो, कारण प्रशिक्षणात यावर फार कोणी बोलत नाही.

प्रत्येक गावात एखादं-दुसरं पोर असतं ज्याला सगळे ‘भोळं’ म्हणतात. वय तेराचं, समज सात-आठची. कोणीही हाक मारली की जातं, कोणीही मागितलं की खिशातले पैसे देतं, हसणाऱ्यांबरोबर स्वतःही हसतं. मोठी पोरं त्याला गुटख्याची पुडी आणायला पाठवतात, कोणाच्या मळ्यातली कणसं तोडायला पुढं करतात, आणि पकडलं गेलं की मार तेच खातं. गावाला ही गंमत वाटते. घरचे म्हणतात, ‘त्याला काही कळत नाही हो.’ कळत नाही असं नाही. समोरच्याचा हेतू ओळखणं त्याला जमत नाही, आणि चार पोरांत आपल्याला घेतात यासाठी ते कुठलीही किंमत मोजायला तयार असतं. अशी मुलगी असेल तर धोका किती वाढतो हे सांगायला नको.

अशा पोराला ‘अनोळखी माणसाबरोबर जायचं नाही’ एवढं शिकवून भागत नाही. गावात अनोळखी असतं कोण? त्रास देणारा बहुधा ओळखीचाच निघतो. त्याला नियम नव्हे, सराव लागतो. खेळ म्हणून नाटक करा: मी तुझा चुलत भाऊ, मी म्हणतो चल नाल्यावर, गाडी शिकवतो. तू काय म्हणशील? ‘आईला विचारून येतो’ हे एकच वाक्य त्याच्या तोंडात बसेपर्यंत, आठवड्यातून दोनदा, महिनाभर. नकार देणं अशा पोरांना जड जातं, पण ‘विचारून येतो’ म्हणणं जमतं, कारण त्यात समोरच्याला दुखवल्यासारखं होत नाही. दुसरं, ‘घरी सांगू नको’ असं कोणी म्हणालं की ते घरी सांगायचंच, हा उलटा नियम. तिसरं, सांगायला तीन माणसं ठरवून द्या, नावानिशी. आई, शाळेतल्या बाई आणि शेजारची एक मावशी. मावशीला आधी विचारा, नाहीतर पोर सांगायला जाईल आणि ती ‘जाय रे, काम करू दे’ म्हणेल.

चौथी गोष्ट पोरासाठी नाही, वर्गासाठी. त्याच्याच वयाचे दोन सोबती जोडून द्या जे येता-जाता बरोबर राहतील. शिक्षा म्हणून नको; ज्यांना आपणहून त्याच्याशी बोलावंसं वाटतं असे निवडा. मोठ्या माणसाची नजर वर्गाच्या दाराशी संपते, सोबत्यांची नाल्यापर्यंत जाते.

आणि प्रमाणपत्राचं बघा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत; बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता हे त्यात येतात. तपासणी बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणी होते. गावाकडचं कुटुंब एकदा जाऊन, रांग बघून परत येतं आणि पुन्हा जात नाही. बरोबर कोणीतरी गेलं तर काम होतं.

टोळी निघायच्या आधी

ज्या घरात उचल आली, तिथं दिवाळीआधीच बसा. पहिला पर्याय, पोर गावातच ठेवता येईल का? स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय असते; शाळा व्यवस्थापन समितीमार्फत प्रस्ताव जातो आणि तो टोळ्या गेल्यावर पाठवून उपयोग नसतो. पोर आजीकडं राहणार असेल तर आजीला दिसतं का, ऐकू येतं का, रात्री दुखलं-खुपलं तर ती कोणाला हाक मारेल, हेही बघून ठेवा. ‘आजी आहे ना’ हे उत्तर नव्हे. वयात येणाऱ्या मुलीला मागं ठेवायला आईबाप तयार होत नाहीत, आणि त्यांची भीती खोटी नसते. तिथं कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय किंवा आश्रमशाळेतली जागा मिळते का ते पाहा. आदिवासी विकास विभागाची प्रकल्प कार्यालयं नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावलला आहेत.

पोर बरोबर जाणारच असेल तर शिक्षण हमी कार्ड द्या आणि आईच्या हातात द्या, बापाच्या खिशात नको. तिकडच्या शाळेनं ‘दाखला आणा’ म्हटलं तर ठामपणे सांगा की २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखला यायला उशीर झाला किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. राज्यातल्या राज्यात हे निभतं. गुजरातेत अडचण गुजराती माध्यमाची येते, आणि पडाव शाळेपासून लांब असतो. तेव्हा निदान मुकादमाचा नंबर, कारखान्याचं नाव आणि टोळीतल्या एका शहाण्या बाईचा नंबर लिहून घ्या. महिन्यातून एकदा फोन करा. फोनवर पोराशीच बोला. ‘बरं आहे’ हे आईबापाचं उत्तर पुरेसं नाही. परतल्यावर वयाप्रमाणे वर्गात घेणं हे शाळेचं कर्तव्य आहे, मेहरबानी नाही.

कागदं: इथंच बहुतेक काम अडतं

आई किंवा बाप वारला, दोघंही नाहीत, बाप तुरुंगात आहे, आईनं दुसरं घर केलं आणि पोर आजीकडं आहे, अशा पोरांसाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. सध्या दरमहा २,२५० रुपये, वयाच्या १८ वर्षांपर्यंत. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयाकडं, आणि मंजुरीसाठी पोराला बालकल्याण समितीपुढं न्यावं लागतं. रक्कम मोठी नाही, पण मला या योजनेचा खरा फायदा निराळाच वाटतो. आदेश झाला की त्या पोराचं नाव गावाबाहेरच्या एका कार्यालयात लागतं, कोणीतरी वर्षातून एकदा का होईना त्याची चौकशी करतं. वहीतल्या रकान्यात एक नाव वाढलं.

अडतं कुठं? मृत्यूच्या दाखल्यावर. बाप सुरतेला किंवा बारडोलीकडं कामावर असताना वारला असेल, तर मृत्यूची नोंद जिथं मृत्यू झाला तिथंच होते. आपल्या ग्रामपंचायतीत कितीही खेटे घातले तरी दाखला मिळणार नाही. नोंद २१ दिवसांत करायची असते, वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. दुःखात हे कोणाला सुचत नाही. म्हणून गावात अशी बातमी आली की दहाव्याच्या आतच घरच्या एखाद्या जाणत्या माणसाला बाजूला घेऊन सांगा: तिकडच्या दवाखान्याचा कागद जपून ठेवा आणि ज्या गावी वारले त्या नगरपालिकेत किंवा पंचायतीत नोंद झाली का ते बघून या. ऐकायला कोरडं वाटेल, पण पुढं दोन वर्षं विधवा आईला हेलपाटे घालावे लागत नाहीत.

बाकी कागदं साधी आहेत: आधार, पोराचा बोनाफाईड, रहिवासी, उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पासबुक. पासबुकावरचं आणि आधारवरचं नाव जुळतं का, एवढं मात्र आधीच बघा.

बाब गंभीर निघाली तर

मारहाण, उपासमार, वेठीनं काम, पळवून नेल्याचा संशय, लैंगिक अत्याचार, यातलं काही असेल तर गावात मिटवायला बसू नका. पंच बसले की आधी पोराच्या घरच्यांना समजावलं जातं, मग पैसे ठरतात.

फोन १०९८. चोवीस तास, मोफत, कोणीही करू शकतं, पोर स्वतःही. जीवावर बेतलं असेल तर ११२. पुढं जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि बालकल्याण समिती. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या पोराला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत समितीपुढं हजर करायचं असतं. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. ते कोर्टासारखं नसतं, पोराला घाबरवू नका. रेल्वेनं निघून गेलेल्या पोरांचा भुसावळला बहुधा काहीतरी माग निघतो, कारण सुरतेचीही गाडी तिथं मिळते आणि मुंबई-नागपूरचीही. पोर गाडीत बसल्याचं कळलं तर रेल्वे सुरक्षा दलाला आणि रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकाला लगेच सांगा. संध्याकाळपर्यंत वाट पाहणं म्हणजे दोन राज्यं ओलांडू देणं.

लैंगिक अत्याचाराबाबत २०१२ च्या पॉक्सो कायद्यातल्या काही गोष्टी पाठच असू द्या. कळल्यावर न कळवणं हाच गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. भल्या हेतूनं कळवणाऱ्याला मात्र संरक्षण आहे. जबाब पोराच्या घरी किंवा त्याला जिथं बरं वाटेल तिथं घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेशाशिवाय. पोराला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. तातडीच्या उपचारासाठी गुन्हा नोंद होण्याची वाट पाहावी लागत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनंच करायची.

तुमचं काम त्याआधीचं आहे आणि ते कमी बोलण्याचं आहे. पोर सांगत असेल तर ऐका. मध्ये ‘मग तू ओरडली का नाहीस’ असं विचारू नका. पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका. मुख्याध्यापकांपुढं एकदा, सरपंचांपुढं एकदा, असं फिरवू नका. त्याचेच शब्द, अहिराणीत असतील तर अहिराणीत, पावरीत असतील तर पावरीत, तसेच्या तसे लिहा आणि वेळ टाका. कपडे धुवू देऊ नका. ‘मी कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण ते तुम्हाला मोडावंच लागेल. ‘ज्यांना सांगायला हवं तेवढ्यांनाच सांगेन’ म्हणा. पोराची ओळख उघड करणं हाही गुन्हा आहे, मग तो बातमीत असो की गावच्या ग्रुपवर.

अफवांपासून लांब

१ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. मोबाईलवर फिरणाऱ्या अफवेवरून. पोरांच्या सुरक्षिततेच्या नावाखाली आपल्या भागात घडलेला हा सर्वात मोठा अपराध. ‘लहान मुलं उचलणारी टोळी फिरतेय’ असा मेसेज तुम्हाला आला तर पुढं ढकलू नका. पोलीस ठाण्यात फोन करून विचारा आणि ‘असं काही नाही’ हे उत्तर त्याच ग्रुपवर टाका. भटक्या कुटुंबांची पोरं आपल्या वहीत असायला हवीत, संशयाच्या यादीत नव्हे.

आखाजीच्या आधी

चैत्र लागला की लग्नसराई, आणि आखाजीच्या मुहूर्तावर तर विचारू नका. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न १८ च्या आत झालेलं होतं. धुळे जिल्हा त्या सरासरीच्या बराच वर आहे.

कारणं सगळीकडं सारखी नाहीत, हे ध्यानात घेतलं नाही तर बोलणं फुकट जातं. सपाटीवर थोरलीच्या मांडवात धाकटीचंही उरकायचं, खर्च वाचतो. तोडणीला जाणाऱ्या घरात पोरीला एकटी कुठं ठेवायची, ही चिंता; शिवाय कोयता म्हणजे जोडपं, लग्न झालं की उचल मिळते. सातपुड्यात हुंडा नाहीच, तिथं मुलाकडून देज, म्हणजे वधूमूल्य, घेतात, आणि पुष्कळदा पोरं-पोरी आपणच निघून जातात. तिथं हुंड्याविरुद्धचं पोस्टर लावून काय होणार?

ग्रामीण भागात ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. २००६ च्या कायद्यानं मुलीचं वय १८, मुलाचं २१. लग्न लावणाऱ्याला, ठरवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. पण हळद लागल्यावर पोलीस घेऊन जाणं हा शेवटचा उपाय. शाळेच्या दाखल्यावरचं वय फेब्रुवारीतच काढून ठेवा. सातवी-आठवीनंतर शाळा सुटलेल्या मुलींची यादी करा. मंडपवाले, आचारी, बँडवाले, पत्रिका छापणारे, भटजी यांना तारखा महिनाभर आधी कळतात, त्यांच्याशी ओळख ठेवा. मुलीच्या आईशी एकटीशी बोला, तीही बहुधा त्याच वयात आलेली असते.

लग्न थांबलं, बापानं हमीपत्र लिहून दिलं, फोटो निघाला, की सगळे घरी जातात. इथं सोडू नका. चोपडा-शिरपूरकडून मध्य प्रदेश आणि नवापूर-तळोद्याकडून गुजरात हाकेच्या अंतरावर आहे. आठ दिवसांत तेच लग्न मावशीच्या गावी लागतं. तिसऱ्या दिवशी, पंधराव्या दिवशी आणि जूनमध्ये शाळा उघडताना त्या घरी जा. मुलीचा प्रवेश दहावीला किंवा आयटीआयला तुम्ही स्वतः करून द्या, नाहीतर ‘घरी बसवून काय करायचं’ हा प्रश्न तसाच राहतो. लग्न होऊनच गेलं असेल तर तिला एवढं माहीत असू द्या की सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत ते रद्द करून मागता येतं.

तुमची बदली झाली की

होणारच. डोंगरातल्या शाळेवर कोणी फार वर्षं टिकत नाही. पुष्कळ पोरांच्या रकान्यात तोवर एक नाव तुमचं आलेलं असतं, आणि ते एका आदेशानं खोडलं जातं. म्हणून पहिल्या वर्षापासूनच प्रयत्न असा ठेवा की दर नावामागं गावातलं एक माणूस उभं राहील: किराणा दुकानदार, दूध डेअरीवाला, बचत गटातली एखादी बाई, जिच्या ओट्यावरून पोर रोज जातं अशी म्हातारी. त्यांना कायदा सांगायची गरज नाही. ‘हा दोन दिवस दिसला नाही तर मला फोन करा’ एवढंच सांगायचं, आणि फोन आला की खरंच जायचं. नवे गुरुजी रुजू झाले की चार्ज देताना भांडी, बाकं, टॅब मोजून देतोच आपण. त्याच दिवशी संध्याकाळी वहीतली पहिली पाच-सहा घरं त्यांना बरोबर घेऊन पायी फिरा, ओट्यावर बसवून ओळख करून द्या, आणि मोबाईल नंबर तिथंच एकमेकांच्या फोनमध्ये घालून घ्या.